थेंबभर रक्ताची साक्ष

साकोलीच्या एखाद्या घरांतील सकाळ डोळ्यांपुढें आणावी. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गांवावरून जातो. भोंवतीं धानाच्या बांध्या आहेत, लहानमोठे तलाव आहेत आणि थोड्या अंतरावर नागझिऱ्याचें रान आहे. घरांतील वडील गृहस्थ पासष्टीच्या पुढचे. दहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेतात. मुलानें नागपुराहून आणून दिलेलें साखर तपासण्याचें लहानसें यंत्र त्यांच्या उशाशीं असतें. चहापूर्वीं त्यांनीं बोटाला सुई टोंचली, थेंब पट्टीला लावला आणि कांहीं सेकंदांत आंकडा उमटला : १५३. मनाचें समाधान होईना म्हणून दुसरी पट्टी घेतली. या खेपेस १४२. त्याच सकाळीं उपाशीपोटीं त्यांनीं प्रयोगशाळेंतही रक्त दिलें होतें. त्याचा निकाल दुपारीं हातीं आला : १३६.

"माणूस एकच, सकाळ एकच आणि आंकडे तीन! यांतला खरा कोणता?" असा त्यांचा प्रश्न.

"मामाजी, यंत्रच बिघडलेलं दिसतं," सूनबाई म्हणतात.

"बाबा, लॅबवाल्यांचंच चुकलं असेल," असें मुलाचें मत पडतें. आणि शेजारचे गृहस्थ सुचवितात कीं, उद्यांपासून एक गोळी वाढवावी म्हणजे झालें.

प्रसंग कल्पनेंतला आहे; प्रश्न मात्र घरोघरचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विद्यमानें झालेल्या आणि २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें भारतांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरांत असल्याचा अंदाज दिला. विशेष हें कीं, त्या पाहणींतही गांवोगांव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनीं साखर मोजली ती बोटांतील थेंबावर आणि हातांतील यंत्रानेंच. तेव्हां हें यंत्र म्हणजे कांहीं खेळणें नव्हे. परंतु त्याची साक्ष घेण्यापूर्वीं साक्षीदाराची प्रकृति ओळखणें जरूर आहे.

मधुमेहाची साखर मोजण्याची विद्या तशी फार जुनी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले बेनेडिक्ट यांनीं एक निळें द्रावण सिद्ध केलें. त्यांत रुग्णाची लघवी घालून उकळली कीं साखरेच्या मानानें रंग बदलत जाई : निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा आणि साखर फारच असली तर विटकरी. कित्येक पिढ्यांच्या डॉक्टरांनीं आणि रुग्णांनीं या रंगांवर भिस्त ठेविली. १९२१ सालीं टोरोंटो येथें इन्शुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका मुलाला टोंचण्यांत आलें, तेव्हांही साखर घरीं पाहण्याचें साधन हेंच होतें. यांत अडचण अशी कीं, लघवींत साखर उतरते ती रक्तांतील साखर सुमारें १८० च्या वर गेल्यावर. शिवाय ती कांहीं तासांपूर्वींची हकीगत सांगते. साखर धोक्याइतकी खालीं उतरली तर लघवी कांहींच बोलत नाहीं.

पुढें १९६० नंतरच्या दशकांत रक्ताचा थेंब लावण्याच्या पट्ट्या निघाल्या आणि १९७० च्या सुमारास त्या पट्टीचा रंग वाचणारें यंत्र आलें. तें चांगलें किलोभर वजनाचें असून केवळ डॉक्टरांनाच विकत मिळे. रिचर्ड बर्नस्टाइन नांवाच्या एका अमेरिकन इंजिनियरला लहानपणापासून मधुमेह होता. त्यांची पत्नी डॉक्टर असल्यामुळें तिच्या नांवावर त्यांनीं तें मिळविलें आणि घरच्या घरीं दिवसांतून अनेकदां स्वतःची साखर मोजण्याचा पायंडा पाडला. १९८७ सालीं रंगाऐवजीं वीज मोजणारें, खिशांत मावणारें यंत्र बाजारांत आलें. आजच्या घराघरांतील यंत्रें बहुतेक याच जातीचीं आहेत.

यंत्राची कृति अशी असते. पट्टीच्या टोंकाशीं एक एन्झाइम, म्हणजे आपल्या पाचक रसांत असतात त्या वर्गांतील द्रव्य, वाळवून बसविलेलें असतें. रक्त आंत शोषलें गेलें कीं तें द्रव्य रक्तांतील ग्लुकोजवर काम करूं लागतें. त्या क्रियेंतून सुटणारे विद्युत्कण अत्यंत सूक्ष्म असा प्रवाह निर्माण करतात. यंत्र तो प्रवाह मोजतें आणि त्यावरून साखरेचें गणित मांडतें. तात्पर्य, पडद्यावरील आंकडा हा एका अनुमानाचा निष्कर्ष असतो. एन्झाइम शाबूत आहे, थेंब पुरेसा आहे, हवा माफक उष्ण आहे आणि रक्त सामान्य घडणीचें आहे, इतक्या गोष्टी त्या अनुमानांत गृहीत धरलेल्या असतात. यांपैकीं कोणतेंही गृहीत ढळलें तर आंकडाही ढळतो.

किती ढळलेला चालेल, याची मर्यादा ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें २०१३ सालीं सुधारून घेतलेल्या नियमाप्रमाणें, साखर १०० किंवा अधिक असतां शंभरांपैकीं निदान पंचाण्णव वाचनें प्रयोगशाळेच्या आंकड्यापासून १५ टक्क्यांच्या आंत असलीं पाहिजेत. आणि साखर १०० च्या खालीं असतां तीं १५ मिलिग्रॅमच्या आंत असलीं पाहिजेत. म्हणजे खरी साखर २०० असेल तर १७० पासून २३० पर्यंतचा कोणताही आंकडा नियमांत बसतो. खरी साखर ७० असेल तर ५५ ही बसतात आणि ८५ ही बसतात. हा नियम समजला म्हणजे साकोलीच्या घरांतील तीन आंकड्यांचें भांडण मिटतें. प्रयोगशाळेचे १३६ प्रमाण मानले तर ११६ पासून १५६ पर्यंतचें वाचन क्षम्य ठरतें; १४२ आणि १५३ हे दोन्ही आंकडे त्यांत आले. यंत्र बिघडलेलें नाहीं, प्रयोगशाळाही चुकलेली नाहीं, आणि एवढ्याशा फरकावरून गोळी वाढविण्याचें तर मुळींच कारण नाहीं.

त्याच नियमाचा दुसरा भाग अधिक शहाणपणाचा आहे. चुकीचा आंकडा उपचाराची दिशा बदलतो काय, हें तो पाहतो. २६० च्या जागीं ३०० दाखविले तर सल्ला फारसा बदलत नाहीं. परंतु खरी साखर ५५ असतां यंत्रानें ९५ दाखविले, तर घाम फुटून थरथरणाऱ्या माणसाला घरचे लोक "कांहीं झालेलं नाहीं, थोडे पडा" असें सांगतील, आणि तीच अर्धी घटका जिवावरची ठरेल. म्हणून खालच्या आंकड्यांतील चूक ही वरच्या आंकड्यांतील चुकीपेक्षां अधिक धाकाची.

या परीक्षा होतात त्या नव्या पट्ट्यांवर, ठरलेल्या हवेंत आणि सरावलेल्या हातांनीं. घरांत यांतलें कांहींच हमखास नसतें. सर्वांत साधी गोष्ट हातांची. जपानांत झालेल्या आणि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी माणसांना फळें सोलावयास लावून नंतर त्यांच्या बोटांचें रक्त तपासलें. हात न धुतां घेतलेल्या थेंबांत साखर भलतीच वाढलेली दिसली. स्पिरिटच्या बोळ्यानें बोट पुसूनही ती वाढ गेली नाहीं. साध्या नळाच्या पाण्यानें हात धुतल्यावर मात्र आंकडा ताळ्यावर आला. नागपुरी संत्र्याच्या मुलखांत हा धडा विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. संत्रें सोललेलें बोट, गुळाचा खडा फोडलेलें बोट, चैत्रांत मोहफुलें वेचून आलेलें बोट, हीं सारीं रक्ताच्या थेंबांत स्वतःची साखर मिसळतात. हात पाण्यानें धुवावे, पुरते कोरडे करावे आणि मगच सुई टोंचावी. पाणी जवळ नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. बोट पिळून थेंब काढूं नये. पिळण्यानें रक्ताबरोबर ऊतींतील पाणीही बाहेर येतें.

दुसरी गोष्ट उन्हाची. पट्ट्यांच्या बहुतेक डब्यांवर त्या ३० अंशांपर्यंतच्या उष्णतेंत ठेवाव्या, असें छापलेलें असतें. पूर्व विदर्भांतील मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो. कौलारू घरांत किंवा पत्र्याखालीं दुपारीं काय होत असेल तें सांगावयास नको. पट्टीवरील एन्झाइम हें एक प्रथिन आहे, आणि उष्णतेनें प्रथिनाचा गुण उतरतो. उन्हाळा संपतो न संपतो तोंच पावसाळ्याची दमट हवा सुरू होते, आणि डबीचें झांकण उघडें राहिलें तर पट्टी ओल धरते. अशा पट्टीवर यंत्र कधीं चुकीची खूण दाखवून थांबतें. पण कधीं थांबत नाहीं आणि मुकाट्यानें चुकीचा आंकडा देतें. म्हणून डबी मोटारींत, चुलीजवळ किंवा खिडकींत ठेवूं नये. घरांतील सर्वांत थंड आणि कोरड्या खोलींत झांकण घट्ट लावून ठेवावी. पट्ट्या मूळ डबींतून काढून दुसऱ्या डबींत भरूं नयेत आणि मुदत टळलेली पट्टी स्वस्त मिळते म्हणून घेऊं नये. डबी ज्या दिवशीं उघडली ती तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

येथवरचे दोष हातांचे आणि हवेचे झाले. ते थोड्या काळजीनें टळतात. तिसरा दोष मात्र खुद्द रक्तांतच असतो, आणि साकोलीसारख्या गांवीं त्याचाच विचार सर्वांत अगत्याचा आहे.

रक्तांत पातळ द्रव असतो आणि त्यांत तांबड्या पेशी तरंगत असतात. शंभर भाग रक्तांत पेशींचे भाग किती, या मापाला डॉक्टर हिमॅटोक्रिट म्हणतात. निरोगी स्त्रियांत तें साधारण ३६ ते ४६ आणि पुरुषांत ४० ते ५० असतें. पट्टीवर पडलेल्या थेंबांत पेशी कमी असल्या तर साखर वाहून आणणारा पातळ द्रव एन्झाइमपर्यंत अधिक आणि सहज पोंचतो. परिणामीं यंत्र साखर आहे त्याहून जास्त दाखवितें. पेशी जास्त असल्या तर उलट होतें. सामान्यतः नियम असा कीं, रक्त फिकें तर आंकडा चढा, रक्त दाट तर आंकडा उतरता. कांहीं नवीं यंत्रें हिमॅटोक्रिट स्वतः अजमावून दुरुस्ती करतात. जुनीं आणि साधीं यंत्रें करीत नाहींत. आपली पट्टी किती हिमॅटोक्रिटपर्यंत भरंवशाची, हें तिच्या सोबतच्या कागदावर छापलेलें असतें. तो कागद बहुधा खोक्याबरोबर केराच्या टोपलींत जातो.

आतां या मुलखाची स्थिति पाहावी. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें दिसून आलें. रक्तक्षय म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे हिमॅटोक्रिटही कमी. घरांतल्या घरांत करण्याजोगा एक ढोबळ हिशेब आहे : हिमोग्लोबिनच्या आंकड्याला तिनानें गुणावें म्हणजे हिमॅटोक्रिट अंदाजानें कळतें. हिमोग्लोबिन १३ असेल तर ३९. तें ८ असेल तर २४. पट्टीच्या कागदावर खालची मर्यादा ३० छापलेली असली तर ८ हिमोग्लोबिन असलेल्या स्त्रीच्या बाबतींत त्या पट्टीचा आंकडा पुराव्यांत धरतां येत नाहीं.

याचा अर्थ व्यवहारांत काय होतो? त्याच घरांतील सूनबाई गरोदर आहेत असें समजावें. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं साखर पाहतात, आणि ती १४० किंवा अधिक भरली तर गरोदरपणांतला मधुमेह समजतात. गांवखेड्यांत प्रयोगशाळा हाताशीं नसते म्हणून ही चांचणी योग्य त्या यंत्रानें करण्याची मुभा त्या सूचनांतच आहे, आणि ती रास्तही आहे. कारण चांचणीच न होण्यापेक्षां यंत्रानें झालेली चांचणी केव्हांही बरी. परंतु सूनबाईंचें हिमोग्लोबिन ८ आणि यंत्राचा आंकडा १४६ असेल, तर हे १४६ मधुमेहाचे कीं रक्तक्षयाचे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो न विचारतां गोडधोड बंद, भात बंद असें सुरू झालें तर जिला अन्नाची आणि लोहाची खरी गरज तिचेंच ताट आंखडतें.

पूर्व विदर्भांत या रक्तक्षयाला आणखी एक साथीदार आहे, तो सिकलसेल. या आजारांत हिमोग्लोबिनच्या घडणींत जन्मतःच एक बारीक फरक असतो; त्यामुळें तांबडी पेशी प्रसंगीं विळ्यासारखी वांकडी होते आणि लवकर फुटते. भारतांत हा दोष प्रथम १९५२ सालीं निलगिरींत नोंदला गेला, आणि १९५८ सालीं नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या संशोधकांनीं मध्य भारतांतील सिकलसेलविषयींचा आपला लेख 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पिढ्यान् पिढ्या जेथें हिवतापाचें ठाणें होतें तेथेंच हा दोष अधिक दिसतो, कारण आईबापांपैकीं एकाकडूनच तो मिळालेल्या मुलाला हिवतापापासून थोडें संरक्षण लाभतें. रान, तलाव आणि धानाचीं शेतें यांच्या या प्रदेशांत तो रुजला यांत नवल नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहाडोल येथें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

मधुमेहाशीं याचा संबंध असा. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत 'तीन महिन्यांची साखर' ही चांचणी आतां सर्वपरिचित आहे. तिचें नांव एचबीए-वन-सी. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते, आणि तेवढ्या मुदतींत तिच्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते तिचें प्रमाण ही चांचणी काढते. घरच्या यंत्राविषयीं शंका आली कीं माणूस विश्वासानें हिच्याकडे वळतो. परंतु आईबाप दोघांकडूनही दोष मिळालेल्या सिकलसेलच्या रुग्णाची पेशी १२० दिवसांऐवजीं अवघे १० ते २० दिवस जगते. तिला साखर चिकटावयास अवधिच मिळत नाहीं. शिवाय ही चांचणी ज्या प्रकारच्या हिमोग्लोबिनवर उभारलेली आहे, तो प्रकार या रुग्णाच्या रक्तांत जवळजवळ नसतोच. साहजिकच साखर वाढलेली असली तरी निकाल समाधानकारक येतो. ज्याला एकाच बाजूनें दोष मिळाला आहे, म्हणजे जो केवळ वाहक आहे, त्याच्यांतही थोडा फरक पडतो. अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाच्या लोकांवरील एक मोठा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत साखर सारखीच असतां वाहकांचा हा आंकडा इतरांपेक्षां सुमारें ०.३ नें कमी आढळला. ६.५ ही जेथें मधुमेहाची सीमा, तेथें ०.३ हें अंतर लहान नव्हे.

म्हणजे दोन साक्षीदार झाले : एक बोटाच्या थेंबावर बोलणारें घरचें यंत्र, दुसरी तीन महिन्यांची चांचणी. निरोगी रक्ताच्या माणसांत दोघांची साक्ष बहुधा जुळते. लोहाच्या अभावामुळें रक्तक्षय झालेल्या स्त्रींत यंत्र आंकडा चढवून सांगतें. आणि लोह कमी असतां तीन महिन्यांची चांचणीही खोटी चढते, हें आतां सिद्ध झालें आहे. दोघेही एकाच बाजूला चुकतात, आणि दोघांचें एकमत पाहून न्यायाधीशाची सहज फसगत होते. उलट सिकलसेलच्या रुग्णांत यंत्र चढवून सांगतें आणि चांचणी उतरवून सांगते. तेथें दोघांचें जुळत नाहीं, आणि घरचे लोक स्वाभाविकपणें जो निकाल सुखाचा तो खरा मानतात. पहिल्या ठिकाणीं नसलेला मधुमेह पदरांत पडण्याची भीति, दुसऱ्या ठिकाणीं असलेला मधुमेह दडून राहण्याची. केवळ वाहक असलेल्या माणसाला सहसा रक्तक्षय नसतो. त्याच्या घरच्या यंत्राची साक्ष या कारणानें बिघडत नाहीं, एवढा दिलासा आहे.

मग निवाडा कोणी करावा? शिरेंतून घेतलेल्या रक्तांतील पेशी वेगळ्या काढून, नुसत्या पातळ द्रवांत प्रयोगशाळेनें मोजलेली साखर, हाच अखेरचा निर्णय. उपाशीपोटीं १२६ किंवा अधिक आणि ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनीं २०० किंवा अधिक, ही निदानाची सीमा याच मोजणीसाठीं ठरलेली आहे. गरोदर स्त्रीची सीमा वेगळी, ती वर आलीच. पेशीच बाजूला काढल्यामुळें त्या थोड्या कीं फार, सरळ कीं वांकड्या, याचा प्रश्न उरत नाहीं. सिकलसेलच्या रुग्णाकरितां फ्रुक्टोसअमाइन नांवाची आणखी एक चांचणी डॉक्टर कित्येकदां सांगतात; ती रक्तांतील प्रथिनांना चिकटलेल्या साखरेवरून मागील दोनतीन आठवड्यांचा अंदाज देते.

पण हा न्यायाधीशही वेळेवर न्यायासनावर बसला पाहिजे. नळींत घेतलेल्या रक्तांतील पेशी जिवंत असतात, आणि त्या दर तासाला पांच ते सात टक्के साखर खाऊन टाकतात. उन्हाळ्यांत त्यांची भूक आणखी वाढते. साकोलीहून नागपूर सुमारें १०० किलोमीटर आहे. सकाळीं घेतलेली नळी तशीच ठेवून तीन तासांनीं तपासली, तर १३० ची साखर ११० च्या आसपास येऊन ठेपते आणि मधुमेही माणूस निरोगी ठरतो. नळींत घालतात तें फ्लोराइड ही झीज थांबवितें. मात्र त्याचा पुरता अंमल बसावयास एक-दोन तास लागतात. म्हणून ज्या प्रयोगशाळेंत रक्त घेतल्याबरोबर पेशी वेगळ्या काढतात तेथेंच, उपाशीपोटीं स्वतः जाऊन रक्त द्यावें. "नमुना येथेंच तपासतां कीं बाहेर पाठवितां?" हें विचारण्यांत कोणताही संकोच नसावा.

यंत्राची पारख करावयाची तीही याच वेळीं. यंत्र आणि पट्ट्या बरोबर न्याव्या. शिरेचें रक्त दिल्यावर पांच मिनिटांच्या आंत धुतलेल्या बोटाचा थेंब यंत्राला द्यावा आणि आंकडा टिपून ठेवावा. दोहोंतील फरक १५ टक्क्यांच्या आंत असला तर यंत्र खुशाल वापरावें. ही तुलना जेवणानंतर करूं नये. जेवल्यावर बोटांतील रक्तांत शिरेंतील रक्तापेक्षां साखर मुळांतच जास्त असते, त्यामुळें निर्दोष यंत्रावरही आळ येईल. एकदां फरक मोठा आला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहावें. तोही तसाच आला तर पट्टी बदलावी आणि तेवढ्यानें न भागलें तर यंत्र बदलावें. हिमोग्लोबिनची तपासणी त्याच खेपेस करून घ्यावी, आणि सिकलसेलची तपासणी आयुष्यांत एकदां तरी झालेली असावी. हे दोन निकाल मधुमेहाच्या कागदांबरोबर ठेवून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे. परगांवीं शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांच्या बाबतींत हें विशेष जरूरीचें. पुण्यामुंबईच्या डॉक्टरांना रुग्णाच्या मूळ गांवाची माहिती नसली तर त्यांच्या मनांत सिकलसेलची शंका येण्याचें कारण नसतें.

आणखी कांहीं प्रसंगीं यंत्रावर विसंबूं नये. ऊन लागून किंवा जुलाब-वांत्यांनीं शरीर कोरडें पडलें असतां, रक्तदाब अगदीं खालीं गेला असतां, किंवा जीवनसत्त्व 'क' मोठ्या मात्रेंत शिरेवाटें दिलें जात असतां आंकडा भरंवशाचा राहत नाहीं. एका विशिष्ट एन्झाइमच्या पट्ट्या पोटांतून केल्या जाणाऱ्या डायालिसिसच्या रुग्णांत माल्टोज नांवाच्या दुसऱ्याच साखरेला ग्लुकोज समजत. खालीं गेलेली साखर त्यांना चढलेली दिसे, आणि त्या भरंवशावर इन्शुलिन टोंचलें जाई. अशा चुकांतून १९९७ पासून १३ मृत्यु ओढवल्याची नोंद देऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २००९ सालीं सावधगिरीची सूचना काढली. यंत्राचा आंकडा चुकला तर काय घडूं शकतें, याचें याहून ठळक उदाहरण नाहीं.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, शरीर आणि यंत्र यांत विरोध आला तर शरीराचें ऐकावें. घाम, थरथर, छातींत धडधड, डोळ्यांपुढें अंधारी, बोलण्यांत असंबद्धपणा हीं लक्षणें दिसलीं आणि यंत्रानें ९५ दाखविले, तरी माणूस शुद्धीवर असेल तर त्याला अगोदर साखरपाणी द्यावें. हात धुऊन पुन्हां तपासण्याचें काम नंतर. बेशुद्धाच्या तोंडांत मात्र कांहीं घालूं नये. त्याला तांतडीनें दवाखान्यांत न्यावें. याउलट प्रकृति ठणठणीत असतां यंत्रानें एकाएकीं ३८० दाखविले, तर घाबरून इन्शुलिन वाढवूं नये. हात धुवावे, नवी पट्टी घ्यावी आणि मग डॉक्टरांना विचारावें.

इतके दोष सांगितल्यावर यंत्र टाकून द्यावें काय, असा प्रश्न कोणी करील. तसें करणें मोठी चूक होईल. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाला खालीं उतरलेली साखर मुळींच दिसत नसे; या यंत्रानें ती मध्यरात्रीं, घरच्या घरीं, कांहीं सेकंदांत दिसूं लागली. इन्शुलिन घेणाऱ्या कित्येक माणसांचे प्राण त्यामुळें वांचले आहेत. एकट्या आंकड्याला फारसा अर्थ नसतो. पंधरा दिवसांचे आंकडे, वेळ आणि जेवण यांसह वहींत उतरले कीं त्यांतून साखरेची चाल दिसूं लागते, आणि डॉक्टरांना हवी असते ती हीच चाल.

साकोलीच्या त्या घरीं परतून पाहिलें तर वडिलांची गोळी आहे तेवढीच ठेवावी, आणि पुढच्या भेटींत वही डॉक्टरांना दाखवावी, हेंच योग्य. सूनबाईंची साखर यंत्राच्या आंकड्यावर न सोडतां प्रयोगशाळेंत पाहावी, आणि निकाल कांहींही आला तरी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें चालू राहाव्या. आणि केराच्या टोपलींत गेलेला तो छापील कागद काढून, नीट घडी घालून, यंत्राच्या पेटींत ठेवावा.